पाचवा नंबर टॉलिव्हरचा

ओहायो नदीच्या काठी कॉर्बिन फेरी नावाचं गाव आहे. तिथल्या व्यावसायिक बेसबॉल संघाचं नाव हेरन्स, म्हणजे बगळे. संघ लहान, लीगही लहान. चांगला खेळणारा पोरगा दोन वर्षांत मोठ्या शहराच्या संघात जातो आणि न खेळणारा आपल्या घरी जातो. अशा या बगळ्यांनी शंभर वर्षांत तीनदा अजिंक्यपद मिळवलं. तीनच. पण गावात कुणालाही विचारा, 'तीन' म्हणताना त्याची मान अशी ताठ होते की ऐकणाऱ्याला वाटावं तीस म्हणाला.

संघाला शंभर वर्षं होणार म्हणून त्या उन्हाळ्यात मैदानाच्या भिंतीवर तीन फलक लावायचे ठरले. प्रत्येक अजिंक्यपदाचा एक. मजकूर लिहायचं काम अर्थातच वर्ना प्रूइटकडे आलं. चौतीस वर्षं तिने गावच्या शाळेत चौथीला शिकवलं होतं, आणि एकाहत्तराव्या वर्षीही ती बगळ्यांची अधिकृत गुणलेखक होती. सामन्यातला प्रत्येक चेंडू, प्रत्येक फटका, प्रत्येक चूक तिच्या पेन्सिलीतून वहीत उतरायची.

"मिसेस प्रूइट, चौथीतल्या पोराला कळेल असं लिहा," संघाचा व्यवस्थापक कोल्बी रेनशॉ म्हणाला. "मी तुमच्याच चौथीत होतो. मला कळलं की काम झालं समजा."

"तुला तेव्हा तरी कुठे कळत होतं?" वर्ना म्हणाली, आणि कामाला लागली.

पहिला फलक सोपा होता. १९३७. त्या जानेवारीत नदीला असा महापूर आला की मैदानातल्या बाकांवरून लोक होड्या हाकत गेले. पाणी ओसरलं तेव्हा खेळपट्टीवर मांडीएवढा गाळ होता. काढायला पैसे नव्हते. खेळाडू स्वतः फावडी घेऊन उतरले, त्यांच्या मागून शाळेतली मुलं, पाद्री, खाटीक, सगळं गाव उतरलं. त्याच सप्टेंबरात बगळे पहिल्यांदा जिंकले. वर्नाने शेवटचं वाक्य लिहिलं: 'ज्यांनी गाळ काढला, त्या सगळ्यांचं हे अजिंक्यपद.'

तिसराही सोपा होता. १९८९. पहिल्या बारांपैकी अकरा सामने संघ हरला. रेडिओवर सामन्याचं वर्णन करणाऱ्या गृहस्थाने वैतागून शपथ घेतली की संघ अजिंक्यपद मिळवेपर्यंत दाढी करणार नाही. जूनपर्यंत त्याची दाढी छातीवर आली. मग पोरं अशी खेळायला लागली की थांबेचनात. अजिंक्यपदाच्या दिवशी त्याची दाढी कर्णधाराने मैदानाच्या मधोमध कापली, आणि त्याची बायको आनंदाने रडली. अजिंक्यपदासाठी नव्हे, दाढीसाठी.

राहिला मधला. १९६२. तो तर वर्ना झोपेतही लिहू शकली असती.

दर वसंतात शनिवारी सकाळी ती गावातल्या मुलांना स्कोअर लिहायला शिकवायची. शाळेतून निवृत्त झाल्यावरही हा वर्ग तिने सोडला नव्हता. आणि शिकवण्यासाठी तिचा धडा एकच, १९६२ चा अंतिम सामना. वर्तमानपत्रातलं जुनं कात्रण फळ्याला लावायचं आणि त्यावरून मुलांनी सामना वहीत उतरवायचा. शेवटचा, नववा डाव, दोन गडी बाद, दोन्ही संघ बरोबरीत, दुसऱ्या टप्प्यावर, म्हणजे दुसऱ्या बेसवर, आपला धावक. आणि खेळायला येतो वीस वर्षांचा डेल हार्कनेस, कॅन्सासहून आलेला, हंगामभर बाकावर बसलेला एक हडकुळा पोरगा. दोन स्ट्राइक होतात, म्हणजे दोन चेंडू हुकतात. अजून एक चुकला की डाव संपला. सातवा चेंडू. डेल तो उजवीकडे, दोघांच्या मधून मारतो. धावक शेवटच्या, घरच्या बेसवर पोचतो. बगळे जिंकतात.

गावातल्या दोन पिढ्या या फटक्यावर पेन्सिल धरायला शिकल्या होत्या. आणि तो डेल हार्कनेस, आता ब्याऐंशी वर्षांचा, अजून गावातच राहत होता. शताब्दीच्या रविवारी त्याला मैदानात बोलावून, बॅटिंगच्या जागी उभं करून सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, असा बेत होता.

फक्त तारीख आणि आकडे ताडून पाहावेत म्हणून वर्नाने ऑटो लिंडक्विस्टची वही उघडली. ऑटो म्हणजे तिच्या आधीचा गुणलेखक. त्याच्याच शेजारी बसून ती हे काम शिकली होती. तो जाऊन पंचवीस वर्षं झाली. त्याच्या वह्या मिनेसोटातल्या नातीच्या माळ्यावर पडून होत्या, त्या शताब्दीच्या निमित्ताने नातीने पोस्टाने पाठवल्या होत्या.

वर्नाने ९ सप्टेंबर १९६२ चं पान काढलं आणि बोटाने एकेक ओळ वाचत खाली आली. आणि पाचव्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

बेसबॉलमध्ये नऊ जण ठरलेल्या क्रमाने खेळतात. सामना सुरू होण्याआधी तो क्रम लिहून पंचाकडे द्यायचा, आणि मग तो मोडायचा नाही. बदली खेळाडू घेतला तर तो कोणत्या नंबरावर खेळणार हे प्रशिक्षकाने तिथल्या तिथे पंचाला सांगायचं. नवव्या डावाच्या सुरुवातीला बगळ्यांच्या प्रशिक्षकाने एकदम दोन बदल केले होते. फटका मारणाऱ्याच्या मागे बसून चेंडू झेलणारा जुना, अनुभवी कॅचर रूफस टॉलिव्हर आत आला. आणि डेल हार्कनेस. कात्रणात डेल पाचव्या नंबरावर होता. ऑटोच्या वहीत पाचव्या नंबरावर टॉलिव्हर होता. डेल नवव्या.

म्हणजे तो फटका मारला गेला तेव्हा नंबर टॉलिव्हरचा होता.

वर्नाने चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. समासात ऑटोच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: 'टॉलिव्हरचा नंबर. हार्कनेस खेळला. समोरच्यांची हरकत नाही. ते मैदानातून बाहेर जाईपर्यंत मी श्वास घेतला नाही.'

चुकीच्या माणसाने खेळून फटका मारला, तर समोरच्या संघाने तिथल्या तिथे हरकत घ्यायची. घेतली, तर ज्याचा नंबर होता तो बाद. नाही घेतली आणि पुढचा चेंडू पडला, किंवा सामना संपून ते मैदानाबाहेर गेले, की फटका कायम. आणि एक मोठा विचित्र नियम आहे: पंचाला चूक दिसली तरी त्याने बोलायचं नाही. गुणलेखकानेही नाही. लक्ष ठेवणं हे खेळणाऱ्यांचं काम. सगळं मैदान नाचत होतं तेव्हा ऑटो वर गुणलेखकाच्या खोलीत ओठ घट्ट मिटून बसला होता, आणि मग जे घडलं ते त्याने वहीत लिहिलं. वार्ताहराने मात्र जे डोळ्यांना दिसलं ते छापलं.

'इतकी वर्षं मी चुकीचं शिकवलं,' वर्नाला वाटलं. पण ते तिला फारसं बोचलं नाही. चुकीचं खोडून बरोबर लिहिता येतं, हे तर ती मुलांना रोज सांगायची. तिला बोचलं ते वेगळंच. फलकावर खरं लिहायचं तर डेल हार्कनेसचं काय?

तिने कोल्बीला सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला.

"मिसेस प्रूइट, गुरुवारी फलक छपाईला जायचाय. बासष्ट वर्षं कुणी तपासलं नाही. आता कोण तपासणारे?"

"मी तपासलं ना."

"पण अजिंक्यपद जाईल का त्याने?"

"मुळीच नाही. हरकत घेतली नाही म्हणजे फटका पक्का. अजिंक्यपद आपलंच."

"मग झालं तर! राहू द्या की. म्हाताऱ्याला रविवारी टाळ्या हव्यात. त्यात तुमचा नियम कशाला?"

"कोल्बी, तू चौथीत असताना दुसऱ्याचा निबंध आपल्या नावावर दिला होतास. आठवतंय?"

"ते तुम्ही अजून विसरला नाहीत?" कोल्बीचे कान लाल झाले. "बरं. गुरुवारी दुपारपर्यंत. त्यानंतर छापखानेवाला माझं ऐकणार नाही."

वर्नाने ठरवलं की फलकावर एक अक्षर लिहायच्या आधी डेलला विचारायचं. फटका त्याचा. त्याच्या पाठीमागे त्याबद्दल काही ठरवणं तिला पटणारं नव्हतं. बुधवारी सकाळी ती वही पिशवीत घालून त्याच्याकडे गेली.

डेलचं हार्डवेअरचं दुकान आता त्याची मुलगी चालवायची. तो मागच्या घरात एकटा असायचा. बायको मार्गी जाऊन सहा वर्षं झाली होती. वर्नाला पाहून त्याने लगेच कॉफी ठेवली आणि फ्रिजमधून रूबार्बच्या देठांचा 'पाय' नावाचा गोड पदार्थ काढला.

"ये, ये! रविवारच्या भाषणाचं सांगायला आलीस? मी चार ओळी तयार केल्यात. पोरगी म्हणते तीन पुरे."

"भाषणाचं नाही, डेल. ही वही दाखवायला आले."

तो टेबलाशी बसला. वर्नाने पान उघडून त्याच्यासमोर सरकवलं आणि घाई केली नाही. चौथीच्या मुलाला अवघड गणित दाखवताना जसं गप्प बसावं, तशी बसून राहिली. डेलने नाकावर चष्मा ठेवला. पाचवी ओळ वाचली. समासातलं वाचलं. पुन्हा पाचवी ओळ वाचली.

"ही चूक आहे," तो म्हणाला. "प्रशिक्षकानेच मला हाक मारली. 'हार्कनेस, जा!' अजून ऐकू येतं मला."

"त्याच्याकडूनच चूक झाली. पंचाला एक सांगितलं आणि बाकावर येऊन दुसरंच. त्या गडबडीत कुणाचंही होईल. पण ऑटो पंचाने जाहीर केलेलं लिहायचा, आणि ऑटो चुकायचा नाही."

"मग तो फटका माझा नाही."

"तुझाच आहे. नियमाने—"

"नियम मला ठाऊक आहे, वर्ना." त्याचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "माझा नंबर नव्हता. दुसऱ्याचा होता. मी दुसऱ्याच्या नंबरावर उभा राहिलो, आणि बासष्ट वर्षं काउंटरमागे उभा राहून ते लोकांना सांगत राहिलो. खिळे घ्यायला आलेल्या माणसालासुद्धा सोडलं नाही."

वर्नाने त्याच्या हातावर हात ठेवला. तो उठून खिडकीशी गेला.

"तुला माहीत नाही," तो म्हणाला. "त्या सोमवारी मला घरी पाठवणार होते. कॅन्सासला. तिकीटसुद्धा काढलं होतं. त्या फटक्यामुळे मला अजून एक वर्ष ठेवलं. आणि त्या वर्षी जूनमध्ये मार्गी भेटली. ती मैदानावर शेंगा विकायची. मग दुकान, मग मुलगी, सगळं त्यानंतर. ते सगळं जर दुसऱ्याच्या नंबरावरचं असेल..." त्याने खिडकीचा पडदा सरकवला. "रविवारी मला बोलावू नकोस. पाय दुखतात असं सांग."

"मी खोटं सांगणार नाही."

"मग काहीच सांगू नकोस. खरं छाप, आणि मला घरी राहू दे."

कॉफी गार झाली होती. वर्ना वही मिटणार, एवढ्यात डेल वळला.

"टॉलिव्हरला माहीत होतं का?"

"मला ठाऊक नाही. तो गेला तेव्हा मी त्याला नीट ओळखतही नव्हते. पण ल्युएला आहे ना. त्याची मुलगी."

ल्युएला टॉलिव्हर नदीजवळच्या चर्चमध्ये गायकवृंदाला शिकवायची. वर्नाने गाडी काढली. डेल शेजारी बसला. ल्युएला दारातल्या कुंड्यांना पाणी घालत होती. आधी वर्नाला पाहून ती हसली, मग गाडीतून सावकाश उतरणाऱ्या डेलला पाहिलं, मग वर्नाच्या हातातली जुनी वही पाहिली. आणि तिने पाण्याचा झारा खाली ठेवला.

"बासष्ट वर्षं लागली तुम्हाला, मिस्टर हार्कनेस," ती म्हणाली. "मला वाटलं होतं मीच आधी जाते की काय."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"आत या. उन्हात उभं राहून बोलायची गोष्ट नाही ती."

तिने दोघांना बसवलं, लिंबाचं गार सरबत पुढे ठेवलं, आणि मगच सांगायला लागली.

"कॅचरच्या पायांना गुडघ्यापासून पावलापर्यंत कवच असतं, तुम्हाला काय सांगायचं. पट्टेच पट्टे. बाबा आत आले तेव्हा प्रशिक्षक पंचाला काय सांगतोय ते त्यांच्या कानावर पडलं होतं. पाचवा टॉलिव्हर. त्यांचा नंबर आला तेव्हा ते बाकावर वाकून पट्टे सोडत होते. एक बक्कल अडकली. मान वर करून बघतात तर तुम्ही आधीच उभे, आणि एक स्ट्राइक झालेली. ती बक्कल सुटली तेव्हा दोन स्ट्राइक झालेल्या."

"मग ते आले का नाहीत?" डेल पुढे झुकला. "मधेच आले असते तरी चाललं असतं. माझ्या दोन स्ट्राइक त्यांच्या माथी आल्या असत्या, एवढंच. बाद कुणी ठरलं नसतं."

"तेच मी विचारलं होतं. तेरा वर्षांची होते. दर सप्टेंबरात पेपरात तुमचा फोटो यायचा आणि बाबा जेवताना तो वाचून एकटेच हसायचे. एकदा मी हट्टच धरला, तेव्हा सांगितलं. म्हणाले, 'पोराने पाच चेंडू बघितले होते. त्याच्या डोळ्यांत तो चेंडू टाकणारा पिचर बसला होता. मी गुडघे आखडलेला म्हातारा, थंड बॅट घेऊन दोन स्ट्राइकवर उभा राहिलो असतो तर काय उजेड पडला असता?'"

"त्यांना भीती नाही वाटली? समोरच्यांनी हरकत घेतली असती तर सगळं त्यांच्यावर आलं असतं. बाद टॉलिव्हर, असं लागलं असतं."

"मी तेही विचारलं. म्हणाले, 'वाटली ना.'" ल्युएला हसली. "आणि अजून एक म्हणाले. प्रशिक्षकाने त्यांना सकाळीच सांगितलं होतं की हार्कनेस उद्या घरी जातोय. बाबा म्हणाले, 'मला या खेळाने चौदा वर्षं दिली. त्या पोराला एक दुपार मिळाली तर माझं काय कमी होणार होतं?'"

डेलने हातातला ग्लास खाली ठेवला.

"नंतर तरी सांगायचं. मी त्यांना दर आठवड्याला भेटायचो. दुकानात यायचे. कधी खिळे, कधी नुसतंच. आणि दर वेळी म्हणायचे, 'फटकेबाज, सांग ना त्या रविवारचं. या पोरांनी ऐकलेलं नाही.' मी मूर्खासारखा त्यांनाच सांगायचो! त्यांच्यासमोर उभा राहून!"

"आणि ते घरी येऊन आम्हाला सांगायचे, आज चेंडू आणखी दहा फूट लांब गेला म्हणून."

हे ऐकून वर्नाला हसू आवरेना, आणि मग डेलही हसला. डोळे पुसत पुसत हसला.

"पण का नाही सांगितलं, ल्युएला?"

"म्हणाले, 'दिलं ते पुरं द्यावं. मी सांगितलं असतं तर त्याला दर वेळी गोष्ट सांगताना मधे थांबून माझं नाव घ्यावं लागलं असतं. तशी गोष्ट पोराच्या तोंडात नीट बसली नसती.'"

बाहेर नदीवरून एक मालवाहू बार्ज भोंगा वाजवत गेली.

"मी आयुष्यभर आभार मानले," डेल म्हणाला. "देवाचे. प्रशिक्षकाचे. त्या पिचरचेसुद्धा, सातवा चेंडू तसा टाकला म्हणून. मार्गी म्हणायची, तू इतके आभार मानतोस की कुणीतरी सुटलंय की काय असं वाटतं." त्याने मान हलवली. "सुटलं होतंच. आणि तो माणूस माझ्याकडे खिळे घ्यायला येत होता."

तो उठला, काठी हातात घेतली, आणि ल्युएलासमोर उभा राहून, ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला जमेल तेवढं वाकून म्हणाला, "उशीर झाला. पण आभारी आहे. फार आभारी आहे."

ल्युएलाने त्याला खुर्चीत परत बसवलं. "बसा हो. बाबांना असलं चालायचं नाही. ते म्हणाले असते, सरबत संपव आधी."

परतताना गाडीत डेल एकदाच बोलला. "वर्ना, फलकावर सगळं लिही. बक्कलसुद्धा. आणि रविवारी मी येणार आहे, पण तुमचा बेत मला थोडा बदलायचाय. कोल्बीला मी सांगतो. तू मधे पडू नकोस."

त्या दुपारी वर्नाने दुसरा फलक लिहून टाकला. इतकी वर्षं शिकवलेली गोष्ट असूनही पहिल्यांदाच लिहितेय असं तिला वाटत होतं. नियम तिने चार सोप्या वाक्यांत सांगितला, प्रशिक्षकाची चूक एका वाक्यात, बक्कल एका वाक्यात. शेवटी तिने लिहिलं: 'फटका डेल हार्कनेसचा. नंबर रूफस टॉलिव्हरचा. अजिंक्यपद दोघांचं, आणि आपलं.' कोल्बीने वाचलं, दोनदा वाचलं, आणि छापखान्याला फोन लावला.

रविवारी मैदान भरलं होतं. वर्ना वर आपल्या खोलीत बसली होती, आणि तिच्या शनिवारच्या वर्गातली अकरा मुलं खाली पहिल्या रांगेत मांडीवर वह्या घेऊन बसली होती. त्यांनी सकाळीच फलक वाचला होता आणि त्यावरून भांडणही केलं होतं, की टॉलिव्हरने उठायला हवं होतं की नको. वर्नाने त्यांना उत्तर दिलं नव्हतं. "तुम्ही त्याच्या जागी असता तर? लिहून आणा," एवढंच म्हणाली होती.

ध्वनिक्षेपकावर डेल हार्कनेसचं नाव पुकारलं तेव्हा लोक उभे राहिले. टाळ्या वाजत राहिल्या. डेल काठी टेकत आला, पण बॅटिंगच्या जागेपाशी पोचून तो आत गेलाच नाही. रेषेच्या बाहेर थांबला. त्याने हात वर करून टाळ्या थांबवल्या, आणि निवेदकाकडे बघून मान हलवली.

निवेदकाने घसा साफ केला. "दुरुस्ती," तो म्हणाला. "आता खेळायला येत आहे पाचवा नंबर. टॉलिव्हर."

बाकांकडून ल्युएला आली. चर्चमधून थेट आली होती, निळा ड्रेस, टाचेचे बूट, डोक्यावर टोपी. हातात बॅट. मग जो आवाज उठला तो वर्नाने इतक्या वर्षांत कधी ऐकला नव्हता. ल्युएलाने आधी जमीन पाहिली, मग रेषेच्या आत पाय ठेवला आणि बॅट खांद्यावर घेतली.

डेल चार पावलांवर उभा राहून तिला चेंडू टाकणार होता. तरुण कॅचर तिच्या मागे बसला होता. डेलने काठी बगलेत धरली आणि खालून हलकेच चेंडू टाकला. ल्युएलाने डोळे मिटून बॅट फिरवली. चेंडू बॅटच्या टोकाला लागला आणि गवतातून घरंगळत तीनेक हात गेला.

"धाव!" डेल ओरडला. "अगं धाव की, टॉलिव्हर!"

"या बुटांत?"

"कशातही!"

ल्युएलाने एका हाताने टोपी धरली आणि ती पहिल्या बेसकडे निघाली. धावणं म्हणता येणार नाही, पण चालणंही नव्हतं. कॅचरने चेंडू उचलला, पहिल्या बेसकडे पाहिलं, मग डेलकडे पाहिलं, आणि चेंडू हातातच धरून उभा राहिला. पहिल्या रांगेत अकरा मुलं उठून उभी होती. त्यातली एक मुलगी मागे वळून, मान वर करून, तोंडाभोवती हात धरून ओरडली, "मिसेस प्रूइट! हे कसं लिहायचं?"

वर्ना खिडकीतून वाकली. तिला उत्तर माहीत होतं. कॅचरने चेंडू फेकला नाही, म्हणजे नियमाने काय लिहायचं हे तिने त्यांना एप्रिलमध्येच शिकवलं होतं. पण तेवढ्यात ल्युएलाचा टाचेचा बूट बेसवर पडला, आणि डेल हार्कनेस काठी टाकून दोन्ही हात वर करून उभा होता.

"नंतर लिहू," वर्ना म्हणाली. "आधी टाळ्या वाजवा."